मामांचं रिव्हॉल्वर आणि पोलादाची निळी कातडी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या मामांकडे .३२ बोअरचं एक जुनं रिव्हॉल्वर आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ले अँड स्कॉटचं, मधून मोडून उघडणाऱ्या जातीचं. आधी आजोबांच्या परवान्यावर होतं, त्यांच्यामागं रीतसर मामांच्या परवान्यावर चढलं. गेल्या दिवाळीत फराळ झाल्यावर त्यांनी ते आतून आणलं आणि माझ्यासमोर सतरंजीवर ठेवलं.

"लेकरा, तू वाळूजला सगळी नोकरी लोखंड काळं करण्यात घालवलीस. आता ह्याला पहिल्यासारखं काळं करून दे बरं."

मी आधी ते उघडून सहाही घरं रिकामी आहेत का ते पाहिलं. बोट घालून पुन्हा पाहिलं. मग उजेडात धरलं. नळीच्या तोंडाशी काळा रंग जाऊन पांढरं पोलाद दिसत होतं. चक्रीच्या कडांवरही तसंच. मुठीच्या मागच्या पट्टीवर, जिथं तळहाताचा घाम लागतो, तिथं तपकिरी झाक आली होती. नळीच्या डाव्या अंगाला देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे पडले होते. बाकी ठिकाणी मात्र ती जुनी निळसर काळी झळाळी शाबूत होती. दिव्याकडं तिरकं धरलं की विहिरीच्या खोल पाण्यासारखी दिसत होती.

मामांना मी जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यात अशी जुनी परवान्याची हत्यारं पुष्कळ घरांत आहेत आणि "चकचकीत करून आणू" या हौसेपायी त्यांतली बरीच कायमची बिघडतात.

पहिली गोष्ट म्हणजे बंदुकीवरचा तो निळा-काळा थर रंग नाही. तो वरून लावलेला नसतो, पोलादाच्या पृष्ठभागातूनच तयार झालेला असतो. लोखंड आणि ऑक्सिजन यांची संयुगं एकापेक्षा जास्त आहेत. आपल्या ओळखीचं म्हणजे तांबडा गंज. तो पोकळ आणि भुसभुशीत असतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळं फुगून सुटतो, पापुद्रे पडतात, खालचं नवं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. शिवाय तो ओलावा धरून ठेवतो. दुसरं संयुग काळं असतं. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. निसर्गात ते खनिज म्हणून सापडतं, चुंबकाला चिकटतं. ते घट्ट असतं, पोलादाला धरून बसतं, फुगत नाही. ब्ल्यूइंग म्हणजे पोलादाच्या वरच्या कातडीचं मुद्दाम, ठरवून या काळ्या संयुगात रूपांतर करणं.

ही कातडी किती जाड असते? साधारण एक मायक्रॉन, फार तर अडीच. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे तीस-चाळीस थर सहज मावतील. एवढ्यावरून दोन गोष्टी कळतात. चामड्याच्या म्यानातून रोज आत-बाहेर केल्यावर कडांवरचा थर का जातो, ही एक. आणि हा थर खालचं काहीच का झाकू शकत नाही, ही दुसरी. खड्डा असेल तर खड्डा दिसेल, ओरखडा असेल तर ओरखडा दिसेल, फक्त काळ्या रंगात. भिंतीला लांबी भरून वर रंग मारता येतो. इथं लांबीला जागाच नाही.

ज्यांनी औरंगाबादी किंवा बीदरी सुरई जवळून पाहिली असेल त्यांना हे लवकर समजेल. बीदरीचा काळा रंगही लावलेला नसतो. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात, धातूची कातडी काळी पडते आणि चांदीचं जडावकाम मात्र पांढरंच राहतं. तिथला धातू वेगळा आणि रसायनही वेगळं, पण धातूलाच काळं व्हायला लावायचं ही कल्पना तीच.

आता निळा कुठून येतो? मॅग्नेटाइट काळाच असतो, पण थर इतका पातळ आणि खालचं पोलाद इतकं गुळगुळीत असलं की उजेडात निळसर झाक दिसते. त्यामुळं ब्ल्यूइंगचा दिसणारा दर्जा रसायनापेक्षा पॉलिशवर जास्त ठरतो. आरशासारखं घासलेलं पोलाद गर्द निळं-काळं दिसतं. तेच पोलाद वाळूच्या फवाऱ्यानं खरखरीत केलेलं असेल, तर त्याच टाकीतून करडं आणि मंद होऊन बाहेर येतं. वाळूजला आम्ही एकाच टाकीत दोन्ही तऱ्हेचे पार्ट सोडायचो आणि नवी पोरं दरवेळी विचारायची की केमिकल बदललं का.

याच कुटुंबातली आणखी एक निळाई आहे, ती उष्णतेची. गावातल्या लोहाराला ती पाठ असते. कोयत्याला पाणी दिल्यावर तो पातं पुन्हा हळूहळू तापवतो आणि धारेकडं एकटक बघत बसतो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोरपंखी निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर पावसात रंग दिसतात त्यातलाच हा प्रकार, पातळ थरातून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. जुन्या बंदुकांचे स्क्रू आणि पिना अशा निळ्या केलेल्या असतात. पण हे रंग सुंदर दिसतात म्हणून कुणी स्प्रिंग किंवा चाप गॅसवर धरू नये. त्या तापमानाला पोलादाचा कडकपणा बदलतो. मऊ पडलेला चाप दिसायला छान आणि वापरायला धोक्याचा.

ब्ल्यूइंगच्या मुख्य पद्धती तीन. त्यांतली ज्यात माझी उमर गेली ती आधी सांगतो.

कारखान्यात तिला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटसारखे क्षार पाण्यात विरघळवून ते द्रावण १३५ ते १४५ अंशांवर उकळतं ठेवायचं. साधं पाणी १०० ला उकळतं, आमच्याकडं उंचीमुळं त्याच्याही थोडं आधी. मग १४० ला हे द्रव राहतं कसं? विरघळलेल्या क्षारांमुळं. क्षार जितका दाट तितका उकळबिंदू वर. पाणी वाफ होऊन गेलं की तापमान चढतं, पाणी घातलं की उतरतं. म्हणजे तापमान सांभाळायचं ते पाण्यानं, आणि नेमकं हेच काम सगळ्यात धोक्याचं. १४० अंशांच्या कॉस्टिकमध्ये एकदम पाणी ओतलं की त्याची क्षणात वाफ होते आणि टाकी उसळते. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, हातमोजा आखूड होता. त्यामुळं घरामागं पत्र्याच्या डब्यात हे करून बघतो म्हणणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणतो. ॲल्युमिनियमचा भाग चुकून त्या टाकीत गेला तर तो विरघळू लागतो आणि हायड्रोजन सुटतो, तो पेट घेतो.

१९३० च्या दशकापासून ही पद्धत बंदुकांच्या कारखान्यांत रुळत गेली, कारण वीस-तीस मिनिटांत शेकडो नग होतात. थर एकसारखा आणि टिकाऊ येतो. मात्र काही मिश्र पोलादं या टाकीतून काळी न होता वांगी रंगाची होऊन निघतात. ती रसायनाची चूक नसते, पोलादाच्या घडणीचा गुण असतो.

हिचा मोठा दोष आमच्याच घरानं भोगलाय. मामांकडं पूर्वी एक दुनळी बंदूकही होती, बारा बोअरची. पंधराएक वर्षांपूर्वी ती दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात ब्ल्यूइंगला दिली. परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती, सगळं घर खूश. सहा महिन्यांत दोन नळ्यांमधली पट्टी सुटू लागली आणि फटीतून पांढरी पावडर बाहेर यायला लागली. दुनळीच्या नळ्या आणि ती पट्टी कथिल-शिशाच्या झाळणीनं जोडलेल्या असतात. तापलेलं कॉस्टिक ती झाळण खातं आणि फटीत अडकलेला क्षार महिनोन्‌महिने बाहेर झिरपत राहतो. वर आणखी, बफिंगच्या चाकावर घासताना नळीवरची कोरीव अक्षरं पार बुजली होती. दुकानदारानं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. त्याला फक्त चमक माहीत होती. मामा ती बंदूक हातात घेऊन ओसरीवर किती वेळ गप्प बसले होते, ते मला अजून दिसतं.

दुसरी पद्धत गंजाची, आणि माझ्या मते जुन्या हत्याराला तीच शोभते. एकोणिसाव्या शतकातले कारागीर हेच करत. यात गंजालाच कामाला लावायचं असतं. भाग तेलाचा अंशही राहणार नाही इतका स्वच्छ करायचा. आमच्या लाइनवर त्याची एक साधी परीक्षा होती. पार्टवर पाणी सोडायचं. पाण्याची पातळ चादर अखंड राहिली तर स्वच्छ, थेंब थेंब फुटले तर अजून तेलकट. एका बोटाचा ठसासुद्धा पुढं डाग होऊन उमटतो. मग आम्लाचं सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्यानं, बोळा जवळजवळ कोरडा ठेवून, एकाच दिशेनं फिरवायचं आणि भाग उबदार, दमट पेटीत टांगायचा. काही तासांत त्यावर तांबूस, मखमलीसारखी बारीक लव येते. आता तो भाग शुद्ध पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचा. तांबडी लव डोळ्यांदेखत काळी होते. गंजाचं मॅग्नेटाइट झालेलं असतं. बाहेर काढून तेल धुतलेल्या अगदी बारीक पोलादी लोकरीनं किंवा मऊ तारेच्या ब्रशनं वरची सैल काजळी झाडायची. खाली उरतो तो करड्या धुरकट रंगाचा पहिला थर. हेच चक्र पाच-सहा वेळा, कधी आठ वेळा करायचं. तिसऱ्या फेरीपर्यंत निराशा होते, पाचव्यात एकदम खोली येते. झाळणीला यात धक्का लागत नाही, कारण उकळतं पाणी कथिल वितळवण्याइतकं गरम नसतं आणि त्यात कॉस्टिकही नसतं.

ही पद्धत आपल्या हवेत करायची तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं धुतलेलं धोतर अर्ध्या तासात कडक वाळतं. त्या हवेत लव येतच नाही, आली तर ठिपक्याठिपक्यांनी. म्हणून पेटीत ओलं कापड किंवा गरम पाण्याचं भांडं ठेवून दमटपणा आणावा लागतो. श्रावणात उलट होतं. तेव्हा इतका झपाट्यानं गंज चढतो की तासातासाला बघावं लागतं, नाहीतर लव जाडी होऊन पोलादात खड्डे पाडते. दुसरी गोष्ट पाण्याची. आपलं बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच नळीवर बसेल, आणि पाण्यातला खारटपणा नको तिथं गंज उठवेल. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्यावं किंवा स्वच्छ धरलेलं पावसाचं.

तिसरी पद्धत बाटलीतली, थंड ब्ल्यूइंगची. बहुतेक बाटल्यांत सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचा क्षार असतो. पुसलं की मिनिटात काळं. पण इथं पोलादाचं मॅग्नेटाइट होत नाही, तांबं आणि सेलेनियम यांचं काळं संयुग वर येऊन बसतं. ते लवकर झिजतं, गंजापासून फारसं वाचवत नाही आणि बारकाईनं पाहिलं तर शेजारच्या मूळ रंगाशी जुळत नाही. स्क्रूचं डोकं, एखादा ओरखडा, एवढ्यापुरतं ठीक. अख्खी नळी त्यानं काळी करू नये. सेलेनियम विषारी असतं, तेव्हा उघड्या हातानं तर नकोच.

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "मग कोणचं करायचं ते सांग की." मी म्हटलं, आधी कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ५ सांगतं की शस्त्रांची दुरुस्ती करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा नव्हे. आपण घरी तेल-पाणी, पुसणं एवढं करावं. सुटं करून ब्ल्यूइंग करायचं ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडंच, आणि देताना-घेताना कागद हवा. कलम ८ तर आणखी महत्त्वाचं. शस्त्रावरचा क्रमांक, नाव किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. बफिंगच्या हौसेत नंबर बुजला तर मुद्दाम केलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून कामाला देण्याआधी नंबराचा आणि सगळ्या शिक्क्यांचा जवळून फोटो काढून ठेवावा, आणि "अक्षरांवर चाक लावायचं नाही" हे पावतीवर लिहून घ्यावं. मामांच्या रिव्हॉल्वरवर बर्मिंगहॅमच्या चाचणी-घराचे मुकुटाचे बारीक शिक्के आहेत. ते घर १८१३ पासून चालू आहे. नळी जास्तीच्या दाबाचा बार सोसून पास झाली, याची ती खूण. ती घासून टाकायची म्हणजे कागदपत्रच फाडायचं.

मग मी मामांना त्या रिव्हॉल्वरवरून एकेक जागा दाखवत गेलो. नळीच्या तोंडाची पांढरी कड ही निव्वळ झीज आहे. पोलाद तिथं निरोगी आहे, तेलाचा हात फिरला की पुरे. मागच्या पट्टीवरचा तपकिरी रंग हलका आहे, बोटाला लागत नाही, म्हणजे तो थांबलेला जुना गंज. त्याला छेडायचं कारण नाही. काळजी फक्त डाव्या अंगाच्या खड्ड्यांची, कारण त्यांच्या तळाशी अजून तांबडं दिसतं. तिथला गंज जिवंत आहे.

तो काढायचा तर घरात पहिला हात लिंबाकडं किंवा चिंचेकडं जातो. तांब्याची घागर त्यानंच लखलखते ना! पण आम्ल तांबडा गंज आणि काळी कातडी यांत भेद करत नाही, दोन्ही लोखंडाची ऑक्साइडंच. लिंबू चोळलं की पाच मिनिटांत मूळ ब्ल्यूइंगही गेलं. बाजारातले गंज काढायचे द्रवही बहुतेक आम्लाचेच, त्यांचंही तेच. आम्ही काय केलं तर शिलाई मशीनच्या तेलात जागा रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी तांब्याच्या पट्टीची कड हलक्या हातानं फिरवली. तांबं पोलादापेक्षा मऊ, पण गंजाचे पोपडे उचलण्याइतकं कडक. तेल लालसर झालं, पुसलं, पुन्हा तेल. चार वेळा केल्यावर खड्ड्यांचे तळ काळपट दिसू लागले.

"पण खड्डे तर दिसायलेत अजून," मामी म्हणाल्या. दिसणारच. ते घालवायचे तर आजूबाजूचं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत घासून उतरवावं लागेल. नळीच्या धारदार कडा गोल होतील, शिक्के जातील, आणि एक मायक्रॉनच्या थरासाठी आपण शंभर-दोनशे मायक्रॉन धातू घालवू. मला हा सौदा पटत नाही. गंज खोलवर पसरत चालला असेल किंवा आधीच कुणी वाईट पॉलिश करून मूळ रूप घालवलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गंजाच्या पद्धतीनं, हातानं, अक्षरं सांभाळून नवं ब्ल्यूइंग जरूर करावं. मामांच्या हत्यारावर मूळ निळाई बारा आणे शिल्लक आहे. ती मी काढू देणार नव्हतो.

राहिला प्रश्न पुढच्या सांभाळाचा. मामा वर्षानुवर्षं करडईचं तेल लावत आले होते. करडी घरचीच, घाणाही गावातलाच. पण करडई आणि जवस ही वाळणारी तेलं. हवा लागली की हळूहळू घट्ट होतात, चिकट पिवळी साय धरते, तिच्यात धूळ बसते आणि चक्री अडखळायला लागते. जवसाच्या याच गुणामुळं ते लाकडाच्या दस्त्याला उत्तम आणि पोलादाला वाईट. पोलादाला खनिज तेल हवं, शिलाई मशीनचं असलं तरी चालतं, आणि तेही इतकं पातळ की बोटाला फक्त ओल जाणवावी.

दुसरी चूक म्यानाची. चामडं ओलावा शोषतं, आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यात राहतो. त्यात महिनोन्‌महिने ठेवलेलं हत्यार बाजूनं गंजतंच. डाव्या अंगाचे खड्डे तिथूनच आलेत. रिव्हॉल्वर पेटीत नेहमी म्यानात, डाव्या कुशीवर पडलेलं असायचं. म्यान बाळगण्यापुरतं, ठेवायला नव्हे. ठेवायला धुतलेलं सुती कापड, तेलाचा हलका हात दिलेलं, आणि कुलूपबंद कपाट.

आणि निवडणुकीची आचारसंहिता. हत्यार जमा करायची पाळी आली की लोक घाईघाईत आहे तसं नेऊन देतात. दोन-तीन महिने ते कपड्यात गुंडाळून कुठल्या फळीवर पडेल सांगता येत नाही. एकदा ते पावसाळ्याच्या तोंडी परत आलं तेव्हा चक्रीवर ताज्या गंजाचे ठिपके होते. आता मामा जमा करायच्या आदल्या दिवशी बाहेरून ग्रीसचा पातळ हात देतात आणि पावतीवर नंबर स्वतः वाचून घेतात.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा रिव्हॉल्वर पांढऱ्या कापडावर होतं. मामांनी चष्मा पुसला, फ्रेमवरच्या नंबरावर अंगठा फिरवला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शेवटचा आकडा वाचून झाल्यावर त्यांनी अंगठ्याचा ठसा फडक्यानं पुसून टाकला.